एअर फ्रायर तळणीसाठी नको, दाण्याच्या कुटासाठी घ्या

प्रश्न धायरीहून आला आहे. घरात चौघं, नवरा-बायको दोघंही नोकरीवाले. सासऱ्यांची दोन महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, डॉक्टरांनी तळलेलं बंद केलंय. नवऱ्याने सेलमध्ये एअर फ्रायर हेरून ठेवलाय. सासूबाईंचं म्हणणं, माळ्यावर सँडविच टोस्टर आणि रोटीमेकर आधीच पडून आहेत, त्यांना तिसरा सोबती कशाला? तर घ्यावा का, घेतला तर कोणता, रोज वापर होईल का, आणि दिवाळीच्या चकल्या त्यात होतील का?

सासूबाईंनी बरोबर जागेवर बोट ठेवलंय, म्हणून तिथूनच सुरुवात करते. कोथरूडला मी गेली एकोणीस वर्षं स्वयंपाकाचे वर्ग घेते आणि फराळाच्या ऑर्डरी करते. एअर फ्रायर घेऊन मग तो माळ्यावर टाकलेली घरं मी बरीच पाहिली. जवळजवळ सगळ्यांची गोष्ट एकच. पहिल्या रविवारी हौसेने कांदाभजी करायला घेतली, पीठ जाळीतून खाली गळलं, वर उरलं ते कोरडं आणि पिठूळ. घरातल्या ज्येष्ठांनी एक तुकडा तोंडात टाकून "छान झालंय हो" असं म्हटलं, ते ज्या सुरात म्हटलं त्यावरून सगळं कळलं, आणि यंत्र खोक्यात गेलं. माझ्याकडेही पहिल्या दिवशी हेच झालं, फक्त भज्यांऐवजी बटाटेवडे होते.

घोटाळा नावाने केलाय. २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात फिलिप्सने हे यंत्र आणलं तेव्हा त्याला 'फ्रायर' म्हटलं, आणि तेव्हापासून आपण त्यात कढई शोधतोय. यंत्र उघडून बघा: वर गरम होणारी कॉइल, तिच्यावर जोरात फिरणारा पंखा, खाली भोकांची टोपली. म्हणजे ही एक लहानशी, जोरदार वाऱ्याची भट्टी आहे. तेल पदार्थाला सगळीकडून चिकटतं आणि उष्णता झटक्यात आत देतं, म्हणून १८० अंशांच्या तेलात भज्याचं ओलं पीठ क्षणात धरतं. हवा कितीही गरम असली तरी तेलाइतक्या वेगाने उष्णता देऊ शकत नाही. पीठ आवळून धरायच्या आत ते गळून जातं. उलट वाऱ्यामुळे वरचा ओलावा पटकन उडतो, आणि ओलावा गेला की १४० अंशांच्या पुढे पदार्थ तांबूस व्हायला लागतो, खमंग वास सुटतो. त्यामुळे ज्याने आधीच आकार धरलाय आणि ज्याचा फक्त वरचा थर कोरडा, खरपूस व्हायला हवा, त्याचं तिथे सोनं होतं. ओलं, पातळ, फुगणारं काही तिथे घालू नये. पुरी नाही, भजी नाही, वडा नाही. इतकं मनाशी पक्कं केलंत तर निम्मं यंत्र वापरता आलं.

आता रोजचा वापर. याचं माझं उत्तर ऐकून लोक थोडे नाराज होतात, कारण त्यात मिरवण्यासारखं काही नाही: शेंगदाणे. मराठी स्वयंपाकघरात दाण्याचा कूट संपत नाही असा आठवडा नसतो. कढईत दाणे भाजायचे म्हणजे वीस मिनिटं मंद गॅसपुढे उभं राहून हात हलवत राहायचं, आणि फोन वाजला की करपले. एअर फ्रायरमध्ये पाव किलो दाणे, १६० अंश, बारा मिनिटं, मध्ये दोनदा टोपली बाहेर काढून हलवायची. शेवटची दोन मिनिटं मात्र समोर थांबा, कारण दाण्याच्या जातीप्रमाणे आणि आकाराप्रमाणे वेळ मागेपुढे होतो. बाहेर काढल्यावरही ते आतल्या उष्णतेने भाजत राहतात, म्हणून मनासारखा रंग यायच्या किंचित आधीच ताटात पसरायचे. सालं गार झाल्यावर आणि टोपलीच्या बाहेर काढायची. आत सालं सुटली की पंखा ती वर ओढतो, ती कॉइलला चिकटून जळतात आणि पुढचे चार दिवस प्रत्येक पदार्थाला जळका वास येतो. दाण्यांच्या पुडीच्या तळाशी असते ती कणी आणि फोलपटं चाळून मगच दाणे आत टाका.

याच हिशोबात मखाणे, भाजीत वाटायला सुक्या खोबऱ्याचे काप, मसाल्याचे कांदे हेही बसतात. कांद्याच्या फोडींना अर्धा चमचा तेल चोळून १८० वर पंधरा मिनिटं, मग वाटण. गॅसच्या जाळीवर भाजलेल्या कांद्याचा वास त्याला येत नाही, हे कबूल, पण ऑफिसला जायच्या घाईत दुसऱ्या शेगडीवर आमटी उकळत असताना तिसरं काम कुणीतरी आपोआप करतंय याची किंमत असते. सुक्या खोबऱ्याला १५० च्या वर नेऊ नका, तीन मिनिटांत तपकिरीचं काळं होतं. कढीलिंब कधीच टाकू नका, पानं उडून थेट कॉइलवर जातात. पातळ पोह्यांचंही तेच. चिवड्याचे पोहे कढईतच.

आणि पावसाळा. जून ते सप्टेंबर पुण्यात डब्याचं झाकण कितीही घट्ट लावा, चिवडा, फरसाण, बिस्किटं, खारी, सगळं सादळतं. १२० अंशांवर तीन-चार मिनिटं ठेवा, बाहेर काढून पूर्ण गार होऊ द्या, मग चावून बघा. गरम असताना मऊच लागतं, म्हणून घाबरून पुन्हा आत टाकू नका. आपटे रोडवरच्या संतोष बेकरीतून दुपारी आणलेले पॅटीस संध्याकाळी खायचे असतील तर १६० वर चार मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये पॅटीसचा लगदा होतो, तव्यावर तळ करपतो आणि वरचे पापुद्रे गारच राहतात. या एका कामात एअर फ्रायरला तोड नाही असं मी छातीठोकपणे सांगेन. कालचा समोसा, परवाची बाकरवडी, उरलेला पिझ्झा, सगळ्यांना हेच लागू. फक्त सासऱ्यांसाठी एक लक्षात ठेवा, समोसा गरम केल्याने त्यातलं तेल निघून जात नाही.

त्यांच्याविषयी अजून थोडं. 'एअर फ्राय' लिहिलेली फ्रोझन फ्राईजची किंवा कटलेटची पाकिटं येतात. घरी तुम्ही त्यावर थेंबभर तेल घालत नाही म्हणून ती तेलविरहित होत नाहीत. बटाट्याच्या फ्राईज पाकिटात जायच्या आधी बहुधा कारखान्यात एकदा तळलेल्या असतात. पाकीट उलटं करून घटक वाचा, मिठाचा आकडाही बघा. एकूण तेल-मीठ किती चालेल ते त्यांचे डॉक्टर ठरवतील. मी फक्त घरात तेल कुठे कमी होऊ शकतं ते सांगू शकते, आणि ते नेमकं अळूवडी, कोथिंबीर वडी अशा वड्यांमध्ये होतं.

अळूवडी घ्या. पानं लावून, गुंडाळून, उकडून झाली की ती तशी शिजलेलीच असते. उंडा पूर्ण गार करा, शक्य तर फ्रिजमध्ये दोन तास. मग अर्ध्या बोटाच्या जाडीचे काप, दोन्ही बाजूंना ब्रशने तेलाचा हात, वर तीळ. १९० अंश, सात मिनिटं, उलटा, अजून चार मिनिटं. चौघांच्या पोटभर वड्यांना दीड चमचा तेल लागतं. कढईत तळताना त्या किती पितात ते वडी काढल्यावर खाली ठेवलेल्या कागदाकडे बघून कळतं. वर्गात मी एकदा काही न सांगता तव्यावर परतलेल्या आणि यातल्या वड्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. बायकांची निम्मी मतं इकडे, निम्मी तिकडे पडली. तळलेल्या वडीशी मात्र बरोबरी होत नाही, उगाच खोटं कशाला बोलू. कोथिंबीर वडीला हीच रीत, फक्त तिला तेलाचा हात जरा सढळ लागतो, नाहीतर बेसन तोंडात कोरडं फिरतं.

काप हा दुसरा प्रांत. सुरण, बटाटा, कच्चं केळं, कारली. रवा आणि तांदळाचं पीठ लावून काप आत टाकले आणि तेल लावायचं राहिलं, तर रवा तसाच पांढराफटक बाहेर येतो. पिठाला तेल दिसलं पाहिजे. शेजारच्या मालवणी काकू सुरमईच्या तुकड्या अशाच करतात, २०० वर दहा-बारा मिनिटं, एकदा उलटून. त्यांचं मत असं की चव नव्वद टक्के येते आणि घरभर वास पन्नास टक्केच येतो, फ्लॅटमध्ये हा सौदा वाईट नाही. बटाट्याचे काप मात्र अर्धा तास पाण्यात ठेवून, पुसून मगच घाला आणि सोनेरी झाले की थांबा. स्टार्च असलेला पदार्थ १२० अंशांच्या वर भाजला-तळला की त्यात अ‍ॅक्रिलामाइड नावाचा नकोसा घटक तयार होतो. हे २००२ साली स्वीडनमध्ये उघड झालं. एअर फ्रायरमध्ये तो तयारच होत नाही हा समज चुकीचा आहे, जितका काप काळपट तितका तो जास्त.

भेंडी उत्तम होते: पुसून, लांब चिरून, चमचाभर तेल, १८० वर बारा मिनिटं, मीठ शेवटी. भरताचं वांगं होतं, पण सुरीने चार टोचे मारल्याशिवाय आत ठेवू नका, फुटतं. २०० वर पंचवीस मिनिटं ठेवा, मग सालासकट दोन मिनिटं गॅसच्या ज्योतीवर फिरवून घ्या, धुराचा वास तेवढ्यातच येतो. जळगावकडची भरिताची वांगी टोपलीत मावत नाहीत, तो नाद सोडा. साबुदाणावडा यात चिवट होतो असं माझं मत आहे. इंटरनेटवर शंभर जणी होतो म्हणतील. त्यांना म्हणू द्या, उपासाच्या दिवशी आप्पेपात्र काढा.

घ्यायचा झाला तर कसा घ्यायचा? चौघांना चार ते साडेचार लिटर लागतो. पण लिटर हा आकडा फसवा आहे, कारण तो टोपलीची खोली धरून मोजतात आणि आपल्याला लागतं ते तळाचं क्षेत्रफळ. पदार्थ एकावर एक रचले की मधल्यांना वारा मिळत नाही आणि ते वाफेवर मऊ पडतात. त्यामुळे दुकानात टोपली बाहेर काढून तळ बघा, वीतभर तरी रुंद हवा. त्याच लिटरमध्ये गोल टोपलीपेक्षा चौकोनी टोपलीत तीन-चार वड्या जास्त मावतात. दोन लिटरचा स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका. चौघांसाठी तीन खेपा घालाव्या लागल्या की पहिला जेवून उठेपर्यंत शेवटचा ताटावर बसत नाही. बारा लिटरचे ओव्हनसारखे, ट्रे असलेले येतात. ज्यांना केक आणि नानकटाईही करायची आहे त्यांनी ते बघावेत, पण त्यांना ओट्यावर कायमची जागा हवी आणि वरच्या-खालच्या ट्रेची अदलाबदल करत बसावं लागतं.

बटणांचा की गोल चकत्या फिरवायचा? घरात सासू-सासरे दुपारी एकटे असतात ना, मग चकत्यांचा. एक चकती तापमानाची, एक वेळेची, झालं की घंटी. टचस्क्रीनवर कोंबडीचं आणि माशाचं चित्र असलेली आठ बटणं असतात, त्यातलं एकही अळूवडीचं नसतं. साध्या चकत्यांचा चार लिटरचा यंत्र साधारण चार ते आठ हजारांत मिळतो आणि त्यापलीकडे दिलेले पैसे मुख्यतः काचेच्या खिडकीचे, आवाजाच्या सूचनांचे नि फोनला जोडायच्या सोयीचे असतात. खिडकी मला आवडते, बाकीचं नको. पैसे खर्च करायचेच असतील तर सुटी टोपली आणि सुटे भाग पुण्यात मिळतात का, दुरुस्ती इथे होते का, हे आधी विचारा.

विजेचं बोलायलाच हवं, कारण माझा धडा तिथे झाला. ही यंत्रं १४०० ते १७०० वॅटची असतात. १५०० वॅट म्हणजे २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर. आपला पंख्या-टीव्हीचा लहान सॉकेट सहा अँपिअरचा असतो. म्हणून यंत्राला मोठ्या पिनेचा प्लग दिलेला असतो, आणि म्हणूनच तो लहान सॉकेटमध्ये बसवणारा कन्व्हर्टर लावू नये. मी लावला होता. स्वयंपाकघरातला एकमेव मोठा पॉइंट फ्रिजने अडवलेला, म्हणून साध्या एक्स्टेंशन बोर्डावर कन्व्हर्टर लावून एका संध्याकाळी लागोपाठ चार खेपा केल्या. चौथ्या खेपेला प्लॅस्टिक जळाल्याचा वास आला, मला वाटलं टोपलीचा असेल. बोर्ड उचलला तर खालून मऊ झाला होता. दुसऱ्या दिवशी तपकीर गल्लीतून सोळा अँपिअरचा सॉकेट आणि जाड वायर आणली, इलेक्ट्रिशियनकडून वेगळा पॉइंट काढून घेतला. तुमच्या घरात ओट्यावर मोकळा मोठा पॉइंट आहे का, हे यंत्राच्या आधी बघा. मिक्सर चालतो म्हणजे हेही चालेल असं नसतं.

बिल किती येईल? १५०० वॅटचं यंत्र दिवसातून दोनदा पंधरा मिनिटं धरलं तर जास्तीत जास्त पाऊण युनिट, महिन्याला बावीस-तेवीस. प्रत्यक्षात थोडं कमीच, कारण ठरलेलं तापमान आलं की कॉइल बंद-चालू होत राहते. तुमचा वापर महिन्याला तीनशे युनिटच्या काठावर असेल तर महावितरणचा पुढचा टप्पा लागून वरची युनिटं महाग पडतील, एवढाच काय तो फरक. इन्व्हर्टरवर मात्र लावू नका.

ओट्यावर ठेवताना मागे वीतभर जागा सोडा, मागून गरम हवा बाहेर पडते. वरच्या लाकडी कपाटाला चिकटून ठेवलं तर सनमायका उकलतो. तेल लावायला ब्रश किंवा पंपाची साधी बाटली घ्या. दाबलेल्या गॅसच्या डब्यातला स्प्रे वापरला की टोपलीवर चिकट पिवळा थर बसतो, तो काही केल्या निघत नाही. कागदाचे गोल लायनर हवे तर वापरा, पण पदार्थ न ठेवता कागद आत टाकून गरम करू नका, तो उडून कॉइलला लागतो. मी लायनर वापरत नाही. भोकं झाकून वारा अडवायचा आणि मग खालची बाजू मऊ राहिली म्हणून तक्रार करायची, हे मला पटत नाही.

टोपली कोण घासणार हे पहिल्याच दिवशी ठरवा. नॉनस्टिकच्या थराला २०० अंशांना काही होत नाही, तो जातो तारेच्या घासणीने. भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा यात दोष नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. माझी पहिली टोपली तीन महिन्यांत चट्टेरी झाली, तेव्हापासून ती मीच कोमट पाणी, साबण आणि स्पंजने धुते, दोन मिनिटांचं काम आहे. महिन्यातून एकदा प्लग काढून, पूर्ण गार झाल्यावर यंत्र उलटं करून कॉइल ओलसर फडक्याने पुसा.

थोडक्यात तुमच्या घराचं गणित मला असं दिसतं: नोकरी करणारे दोघं, दुपारी घरी असलेले दोघं, एकाचं तळलेलं बंद. घ्या. पण आधी एक करा. पुढचा आठवडाभर फ्रिजवर कागद लावा आणि भाजायला, गरम करायला, तव्यावर तेलात परतायला कढई-तवा किती वेळा काढला त्याच्या रेघा ओढा. दहा-बारा रेघा झाल्या तर सासूबाईंना तो कागद दाखवा. चार झाल्या तर सासूबाईंचं खरं, त्या पैशांचा चांगला जाड बुडाचा तवा घ्या.

राहिली चकली. नाही होत. मोहन घातलेल्या भाजणीच्या चकलीला तेलच पोखरून हलकी करतं, वाऱ्यावर ती नुसती वाळते आणि दाताची परीक्षा बघते. शंकरपाळी १६० वर होते, बिस्किटासारखी, वाईट नाही. करंजीला वरून तुपाचा हात लावला तर खारीच्या वळणाची होते. पण चकली कढईतच करा, आणि सासऱ्यांना एक द्यायची की नाही हे भाऊबीजेच्या आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठेवा. त्यांच्या ताटात त्या दिवशी अळूवडी असेल, तर फार कुरकुर करणार नाहीत.